एकोणीस नोव्हेंबरचा टॅग

माइल्स सिटी, मोंटाना
९ जानेवारी २०१२

ती. सिग्ने हिस धाकट्या भावाचा सा. न. वि. वि. (वाकून नाही, कंबर धरली आहे.)

उणे वीस आहे. गुरांना गवत टाकून आलो की तासभर बोटं माझी नसतात, म्हणून अक्षर असं. जॅनेल म्हणते, आत्याला फोन कर की. पण चाळीस वर्षं कानात बोळे न घालता गोळ्या झाडल्या, त्यामुळे फोनवर मला नुसती गुणगुण ऐकू येते. पोरगी ओरडून बोलते ते चालतं. तू ओरडलीस की मला शाळेत उभं केल्यासारखं वाटतं.

कामाचं लिहितो. नवी रायफल घ्यावी म्हणतो. एकच घ्यायची, उन्हाळ्यात तिने हजार यार्डांवरचं लक्ष्य फोडायचं आणि शरदात एल्कसारखं घोड्याएवढं हरीण पाडायचं. आमच्या क्लबातला रुडी ओल्सगार्ड साडेसहा मिलिमीटरच्या नव्या काडतुसाचे गोडवे गातो. गोळी लांब आणि सडपातळ, वारा तिला फारसा ढकलत नाही, खांद्याला दणकाही नाही म्हणतो. दुकानदार म्हणतो सात मिलिमीटर मॅग्नम घ्या, एल्कला वजन लागतं. आपली थर्टी-ऑट-सिक्स बाबांच्या वेळची. तिची गोळी लांबवर फार खाली पडते. तू एकतीस वर्षं पोरांना शिकारीचे वर्ग घेतलेस. सांग, कुठलं माप घेऊ?

जोडअर्ज लक्षात आहे ना? एक एप्रिल शेवटची तारीख. ब्रेक्सच्या डोंगरघळींतल्या नर एल्कच्या परवान्यासाठी आपण चौदा वर्षं सोडतीत आहोत, आणि या वर्षी नंबर लागेल असं सगळे म्हणतात. तुझे गुडघे आणखी किती हंगाम चढण चढतील ते तूच कळवलं होतंस: एक. सही करून कागद पाठव.

रागावलीस तरी लोभ ठेव.
लेलंड


लुइसटाउन
१७ जानेवारी

चि. लेलंड (वय अडुसष्ट) यास अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा मला वास आला.

आधी मापाचं. तुझा रुडी खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. सहाशे यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला तर थर्टीची गोळी सव्वादोन फूट सरकते, साडेसहाची पावणेदोन. म्हणजे तू अर्ध्या फुटासाठी बंदूक बदलणार. आणि वारा दहाचा नसून पंधराचा निघाला तर? मग नवी गोळीही दहा इंच भरकटते. हे दहा इंच कुठलाही कारखाना भरून देत नाही. ते तुझ्या डोळ्यांनी, गालांनी, डोलणाऱ्या गवताने भरून काढायचे असतात. मॅग्नमला वजन आहे, मान्य. पण उन्हाळाभर लक्ष्यावर झाडत बसलास तर दोन-तीन वर्षांत नळी खाऊन टाकेल, आणि दणक्याने तू चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला शिकशील.

एकाच बंदुकीने दोन्ही कामं करायची हा विचारच मुळात सडका आहे. लक्ष्य कागदाचं असतं. कागदाला आतडी नसतात. कागदावर गोळी चार बोटं मागे लागली तर एक गुण जातो. एल्कला चार बोटं मागे लागली तर तो तीन दिवस मरत असतो, आणि मारणारा घरी सूप पीत असतो. जुने ग्रीक धनुर्धराला भालेवाल्याच्या खाली बसवायचे ते उगाच नाही. लांबून मारणाऱ्याला समोरच्याचं काही द्यावं लागत नाही. आज दुकानादुकानांत हीच सोय विकतात आणि तिला कौशल्य म्हणतात. मी एकतीस वर्षं त्याविरुद्ध बोलले, आणि भाऊ विचारतो म्हणून गप्प बसणार नाही.

आता वासाचं. दणक्याची तक्रार करणाऱ्याला तू पाळण्यात जाऊन झोप म्हणायचास. तीनशे यार्डांच्या आत मारणाऱ्याला वाऱ्याची इतकी चौकशी करावी लागत नाही, आणि आपल्या घरात तीनशेच्या पलीकडे कुणी मारत नाही. मग तू कधी, किती लांबून आणि कशावर गोळी झाडलीस? गेल्या हंगामाबद्दल तू लिहिलं होतंस की एल्कची शेपटीसुद्धा दिसली नाही.

उत्तर येईपर्यंत अर्ज माझ्या टेबलावर, बिनसहीचा.

लोभ आहे. वाढवायचा की नाही ते तुझ्यावर.
सिग्ने


माइल्स सिटी
२८ जानेवारी

ती. सिग्ने, सा. न. वि. वि.

काय भाषण दिलंस! पत्र वाचताना वाटलं, मध्येच तू पाणी प्यायला थांबशील. ग्रीकांचं रुडीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझी बहीण आमच्या चर्चमध्ये पाद्री झाली तर मी दर रविवारी येईन, पण मागच्या बाकावर बसेन.

नळी जळते ते पटलं. मॅग्नम बाद. साडेसहाला एकशे चाळीस ग्रेन वजनाची शिकारीची गोळी घातली तर चारशेपर्यंत एल्कला पुरते असं रुडी म्हणतो. तुझं काय मत?

वाऱ्याचं सहज विचारलं होतं. क्लबात सगळे तेच बोलतात. तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं. लहानपणी जॅमची बरणी कमी झाली की तू बोटांचे ठसे शोधायचीस. इकडे बर्फ फूटभर. लाल गाय व्यायली, वासरू ठीक.

सही करून टाक ना गं. 

तुझाच
लेलंड


माइल्स सिटी
५ फेब्रुवारी

ती. सिग्नेआत्यास जॅनेलचा नमस्कार. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहिते, नाहीतर डॅडची चहाडी मी केली नसती. त्यांना हे पत्र माहीत नाही.

हो, गेल्या हंगामात ते म्हणाले की काही मिळालं नाही. नाताळात मी त्यांच्या शिकारीच्या कोटाचं तुटलेलं बटण लावत होते, तर आतल्या खिशात त्यांचा एल्कचा टॅग सापडला, हंगामाला माणशी एकच मिळतो तो परवान्याचा कागद. कापलेला होता. तुला सांगायला नको, प्राणी पडल्यावरच त्यावरचा महिना आणि तारीख चाकूने कापतात. नोव्हेंबर आणि एकोणीस, दोन्ही खाचा स्वच्छ होत्या. मी विचारलं तर त्यांनी टॅग हातातून काढून घेतला आणि म्हणाले, पोरी, बटणाचं बघ.

त्यांच्या फ्रीजरमध्ये एल्कचा एक तुकडा नाही. मी स्वतः पाहिलं. मटार आहेत आणि गेल्या वर्षीचे मासे. पण जानेवारीत चर्चच्या जेवणाला रुडीने एल्कचे सॉसेज आणले होते, दोन मोठी ताटं भरून. आणि एकोणीस तारखेला ते दोघं एकत्रच गेले होते.

मला काही म्हणायचं नाही. तू मात्र त्यांना फार तोडून बोलू नकोस. ते आजकाल जेवणात मध्येच थांबतात आणि खिडकीतून बघत बसतात.

माया असू दे.
जॅनेल


लुइसटाउन
१३ फेब्रुवारी

लेलंड,

आशीर्वाद या वेळी राखून ठेवते.

तुझा टॅग कापलेला आहे. एकोणीस नोव्हेंबर. तुझ्या फ्रीजरमध्ये मटार आहेत आणि रुडीच्या सॉसेजने चर्च जेवलं. मी शिकवलेल्या चौदा वर्षांच्या पोरालाही ही बेरीज जमेल. रुडीने आपला एल्क आधीच मारला होता, दुसरा दिसला, हात आवरला नाही, आणि तू त्याला आपला टॅग दिलास. याला आपल्या राज्यात चोरी म्हणतात. सहाशे यार्डांवरून साडेसहाने पाडला असणार, म्हणून तर तुला त्या मापाची भुरळ पडली.

माझं आयुष्य मी एका वाक्यावर घालवलं: रानात कुणी बघत नसतं, म्हणून तिथे नियम पाळायचा असतो. शाळांच्या जिमखान्यांत, धान्याच्या कोठारांत, एकदा तर भर वादळात तळघरात उभी राहून हे बोलले. समोर शेतकऱ्यांची पोरं होती, डॉक्टरांची होती, एक न्यायाधीशही होता. आणि माझा सख्खा भाऊ मित्राला टॅग उसना देतो, वर मला विचारतो कुठलं माप घेऊ!

शिकारखात्याच्या वॉर्डनला लिहायला कागद घेतला होता. एक ओळ लिहिली आणि थांबले. तुला बोलायची संधी देते आहे. नुसता नकार पाठवू नकोस. काय घडलं ते पहिल्यापासून लिही. नाहीतर तू तुझ्या नावाने अर्ज कर आणि मी माझ्या. चौदा वर्षांची जोडी मोडली तर मोडली.

सिग्ने


माइल्स सिटी
२ मार्च

ती. सिग्ने, सा. न. वि. वि.

उशीर झाला. तीन कागद फाडले. हा शेवटचा.

रुडीचा एल्क त्याचा स्वतःचा. ऑक्टोबरात मारला, त्याच्याच टॅगवर, वॉर्डनच्या चौकीवर तपासलेला. त्याला यातून वगळ. तो भला माणूस आहे.

एकोणीसला सकाळी आम्ही घळीच्या अलीकडच्या कडेला होतो. पलीकडे नर उभा, आडवा, एकटा. रुडीच्या यंत्राने अंतर दाखवलं: पाचशे चाळीस. मी बाबांची थर्टी घेऊन पडलो होतो. रुडी म्हणाला, राहू दे, खाली उतरून जवळ जाऊ. मी म्हणालो, उन्हाळ्यात मी हजारावर कागद फोडलाय. माझ्या गालावर वारा नव्हता. घळीच्या मध्ये होता, तो मला दिसला नाही. तुला दिसला असता.

गोळी मागे लागली. आवाजावरूनच कळलं. तो वाकला, मग चालत देवदारांत गेला. पळाला नाही, हेच वाईट. आम्ही तासभर थांबून मागावर गेलो. रक्त थोडं, काळसर. दुपारी बर्फ सुरू झालं आणि माग पुसला. दुसरा दिवस सबंध शोधला. तिसऱ्या दिवशी रुडी कामावर दांडी मारून आला. काही मिळालं नाही. कावळेही दिसले नाहीत.

पहिल्या संध्याकाळी गाडीत बसलो आणि टॅग कापला. कायद्याने कापायचा नसतो, हातात काही नव्हतं. पण बाबा म्हणायचे, जखमी केलास आणि हरवलास तर तो तुझाच, तुझा हंगाम संपला. म्हणून कापला. अजून आठ दिवस हंगाम होता. रुडी म्हणाला, दुसरा शोधू. मी म्हणालो, मला मिळालाय.

कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर तुला आधी सांगावं लागलं असतं. तू भाषण दिलं असतंस आणि ते बरोबर असतं. त्यापेक्षा मला वाटलं, बंदुकीचं माप चुकलं असं तरी निघावं. साडेसहा असती तर कदाचित अर्धा फूट पुढे लागली असती. रात्रंदिवस तो अर्धा फूट मोजतो आहे.

आता तुला कळलं. अशा माणसाबरोबर जोडीने अर्ज करायचा की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर वाईट वाटणार नाही, असं लिहिलं होतं, खोडलं. वाटेल.

जमेल तेवढा लोभ ठेव.
लेलंड


लुइसटाउन
१० मार्च

चि. लेलंडला भरभरून आशीर्वाद. रुडीची माझ्या वतीने क्षमा माग. त्याला वेगळं पत्र लिहितेच आहे. ग्रीक नाहीत त्यात.

तुझं पत्र आलं त्या दिवशी वॉर्डनचा तो एका ओळीचा कागद चुलीत घातला. मग तुला उत्तर लिहायला बसले आणि सवयीने भाषणच सुरू झालं: वाऱ्याबद्दल, गर्वाबद्दल, पाचशे चाळीसबद्दल. दीड पान झाल्यावर हात थांबला. तू चुकलास हे तुला माझ्याआधी कळलंय, मग मी कुणाला पटवते आहे?

मला इतक्या झटपट चोरीच का दिसली, ते सांगते. एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात विनेटच्या उत्तरेला मी प्रॉन्गहॉर्न हरणाच्या एका नरावर गोळी झाडली. सव्वातीनशे यार्ड. वर्गात हा किस्सा मी दर वर्षी सांगत आले, की घाई केली आणि नेम साफ चुकला. नेम चुकला नव्हता. मागचा पाय लोंबत होता. मी दुपारपर्यंत शोधलं, मग दुसऱ्या दिवशी जिमखान्यात वर्ग होता म्हणून घरी आले. शनिवारी पुन्हा गेले आणि दुसरा मारला. टॅग त्याच्यावर कापला. बाबा तेव्हा हयात होते. ते म्हणाले, छान नर आहे, आणि मी थँक्यू म्हणाले.

त्या रानात कुणी बघत नव्हतं. तुझ्या गाडीतही कुणी बघत नव्हतं, रुडी सोडला तर, आणि तो तर पुढे चल म्हणत होता. हजारभर पोरांना मी बाबांचा नियम शिकवला. तो पाळणारा माझ्या माहितीतला माणूस एकच आहे, आणि त्याला मी चोर म्हटलं.

साडेसहा घे. कागदावर ती उत्तम चालेल, आणि उन्हाळ्यात ती वारा वाचायला शिकवेल, कारण तिच्यात दणका नाही आणि तू डोळे उघडे ठेवशील. ब्रेक्समध्ये थर्टीच आण, आणि एकशे ऐंशी ग्रेनची गोळी. लक्ष्याच्या गोळ्यांची पेटी घरी ठेव. त्या चुकून शिकारीत भरणारे मी बरेच पाहिलेत.

अर्ज आज टपालात टाकला, दोघांच्या सह्यांचा. तुझी गेल्या वर्षीच्या कागदावरची बघून केली, त्याबद्दल ओरडायचं असेल तर ओरड. आपल्यात ठरलेलंच आहे, जोडीत पहिलं नाव ज्याचं, तो गोळी झाडायची की नाही ते ठरवतो, आणि दुसऱ्याने वाद घालायचा नसतो. चौदा वर्षं पहिलं नाव माझं होतं. या वर्षी तुझं लिहिलंय.

सिग्ने