टाचेवरची तीट

सोमवार, संध्याकाळ

ती काजळाची तीट काही डोक्यातून जात नाही. नातेपुत्याच्या बाईच्या दीड महिन्याच्या बाळाचं एचआयव्हीच्या तपासणीसाठी टाचेतून रक्त घेतलं. थेंब रक्त टिपायच्या कार्डावर नीट उतरले. पट्टी लावायला गेले तर म्हणाली, "नगं मॅडम. सासूबाई भाईर हायत, त्यास्नी यातलं म्हाईत न्हाय." आणि डबी काढून टोचल्या जागीच तीट लावली. तिथं काजळ नको, एवढंसुद्धा मी बोलले नाही. का?

त्यांच्या मागोमाग मी दारापर्यंत गेले. बाहेर सासूनं तीट बघितली. "बरं केलंस," म्हणत अंगठ्यानं दाबून आणखी ठळक केली. बाळ कळवळून रडलं.

"बघ, लागलीच की कुणाची तरी नजर."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी पुढच्या बाईला आत बोलावलं.