चार वाजताच्या चाचण्या

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा, कारण महिनाभर तुझं पत्र नाही.

हात फार थरथरतो, तेव्हा अक्षर लावून घे. पार्किन्सनमुळे डोक्यावरही परिणाम होतोय का, ते बघायला डॉक्टरबाईंनी मोबाईलवर एक ॲप घालून दिलंय. रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला चाचण्या. चित्रं लक्षात ठेवा, शब्द न वाचता त्याचा रंग ओळखा. तीस वर्षं मी पोरांच्या परीक्षा घेतल्या, आता मोबाईल माझी घेतो.

सकाळी पास होते. दुपारी मात्र लाल-हिरव्यात पार घोळ! आणि खरी गोष्ट तुलाच सांगते, दुपारच्या काही चाचण्या दिल्याचंच मला आठवत नाही. डॉक्टरबाई पुढच्या आठवड्यात नवीन गोळी सुरू करणार आहेत. गणिताला येणाऱ्या दोघी मुलींना मी येऊ नका म्हणून सांगितलं. ह्यांना म्हटलं, दमते. बाकी काही बोलले नाही.

तुझी
ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि. धपाटा पोचला.

पत्र वाचून आधी घाबरलो, मग हसू आलं. रागावू नकोस. लाल-हिरव्याचा घोळ आपल्याकडे एकाच माणसाचा आहे. भावजींनी माझं कपाट स्वतः बनवलं, स्वतः रंगवलं. एक दार लाल, एक हिरवं, आणि दोन्ही सारखीच आहेत म्हणून वर माझ्याशीच वाद! सुतार नंबर एक, पण ते दोन रंग त्यांना वेगळे दिसतच नाहीत.

दुपारी तुला झोप लागते ना? मग तेव्हा मोबाईल कोणाच्या हातात असतो? नवीन गोळी घेण्याआधी भावजींना विचार. तू चाचणी विसरली नसशील, दिलीच नसशील.

लोभ आहेच, ओरडणंही चालू राहू दे.

तुझा
धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
पोटभर आशीर्वाद.

विचारलं. ह्यांनी आधी चष्मा पुसला, मग कबूल झाले. रात्री माझे पाय आखडतात, झोप मोडते, म्हणून दुपारी मला उठवणं त्यांच्या जिवावर यायचं. चाचणी बुडू नये म्हणून स्वतःच बोटं चालवायचे. मी भडकले. पण आठवत नाही म्हणून मी किती घाबरले होते ते सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी माझी माफी मागितली. मग मलाच रडू आलं.

डॉक्टरबाई आधी हसल्या, मग ह्यांना चांगलंच खडसावलं, की त्या आकड्यांवर औषध ठरतं. माझी पुन्हा तपासणी झाली. स्मरण ठीक आहे. दोन कामं एकदम करताना मात्र गडबडते, त्यावर लक्ष ठेवायचं. नवीन गोळी सध्या नाही. आता चारला हे मला उठवतात आणि मुकाट्याने दुसऱ्या खोलीत जातात.

मुलींना बोलवायलाही हेच गेले. काल दोघी आल्या. मी फळ्यावर गणित सोडवलं, तर दोघींतली लहान म्हणाली की बाईंचं उत्तर चुकलंय. पहिल्या पायरीपासून पुन्हा मांडलं, सावकाश. चूक तिची होती, वजाबाकीचं चिन्हच सोडलं होतं. मी इतकी खूश झाले की तिला रागवायचंच राहून गेलं.

असाच जीव लावत राहा.

तुझी
ताई