घरातली कानडी

रविवार, २ नोव्हेंबर
दुसरीपत्तोर शिकले, ती बी मराठीत— आन आज कानडीची मास्तरीण झाले! नात अंजू लातूरला कॉलेजात हाय. म्हणली, "अज्जी, उदगिरात आपली घरातली कानडी तुझ्या पिढीसंगंच जाणार. शिकव की." ओट्यावर वर्ग भरवला. इरकल नेसले. लई पोरं आली. बा म्हणजे ये, नीरु म्हणजे पाणी. कसली गोड बोलतात! मग शेंगाची चटणी केली, तिखट झाली, ते जाऊ दे.

सोमवार, ३ नोव्हेंबर
लेक रविकिरण हसला— आई, मला तर कधी शिकवलं न्हाईस! खरं हाय. शाळेत पोरं चिडवायची, म्हणून लेकाशी मराठीच बोलले. कानडी उरली ती मी आन जाऊ नीलाबाई, दोघींत. सून उज्वला अर्धापूरची, तिला काय कळायचं! तिच्यासमोरच तिच्यावर बोलायचो. उंच, वाळकी— दारात मुसळ उभं केलंय म्हणायचो आन लई हसायचो.
नीलाबाई पोळ्याला वारली. तवापासून कानडी शब्द तोंडात आला की गिळते. बोलू कुणाशी?

रविवार, ९ नोव्हेंबर
तीनच पोरं. बाकीची ट्यूशनला.

रविवार, १६ नोव्हेंबर
एका पोरीनं इचारलं, मुसळाला काय म्हणायचं? डोस्कं रिकामं! जिभेवर येऊन माघारी जायचं. आतून, भाकरी थापता थापता, उज्वला म्हणली— "ओनके."
मी हरखलेच! हिला येती! घरात बोलायला माणूस गावलं! कुठं शिकलीस म्हणलं. तिनं भाकर उलटली.

सोमवार, १७ नोव्हेंबर
मुसळ तर ती लगीन होऊन यायच्या आधीच घरातून गेलतं. मग हा शब्द तिनं ऐकला कुठं? आमच्याच तोंडून.
तरी सकाळी म्हणलं, उज्वला, माझं आता इसरतंय, तू बी शिकव. हात धुतले तिनं.
"आत्या, मला जेवढी येती ती समदी माझ्याबद्दलचीच हाय. ती शिकवू पोरांना?"

रविवार, २३ नोव्हेंबर
वर्गाला कुणी न्हाई. अंजू लातूरहून आलीय, तिनं आईपुढं मोबाईल धरलाय, कानडी जपून ठेवायची म्हणून. उज्वला बोलतीया— एक वाक्य माझं, एक नीलाबाईचं.
किती दिसांनी घरात कानडी ऐकू आली. मी भिंतीआड बसलेय. एक शब्द चुकत न्हाई तिचा.