दादाच्या पत्रात नसलेल्या ओळी

आगमनकाळाचा पहिला रविवार, २९ नोव्हेंबर

ती. दादास,
स. सलाम वि. वि.

आईच्या हुकमाने लिहिते आहे, आपणहून नाही, हे आधीच सांगून टाकते. तिचा नेम तुला ठाऊक आहे. नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती आणि ज्याच्याशी अबोला त्याला एक पत्र. समोरच्याने आठवड्याच्या आत उत्तर द्यायचं. फोनवर आपण भांडून फोन आपटतो, म्हणून पत्रच. बाबा गेल्यापासून दोन वर्षं माझी पत्रं तुलाच येतात आणि तुझी उत्तरं तिकिटाएवढी असतात.

यंदा मात्र गंमत नाही. आईचा डावा डोळा मोतीबिंदूने पार झाकला आणि उजव्यानेही तिला माझा चेहरा दिसत नाही. काल उकळतं पाणी कपात ओतायला गेली आणि हातावर ओतून घेतलं. ऑपरेशनची तारीख बावीस डिसेंबर. ती हुकली तर थेट मार्च. आणि ही बाई म्हणते, माझी दोन्ही मुलं एकमेकांशी धड बोलत बरोबर येणार असतील तरच जाईन!

शाळांच्या गणवेशांची शिलाई सांभाळून मी दोन आठवडे घर घासते आहे. पडदे धुतले, कपाटं रिकामी करून पुसली. तर म्हणते कशी, येणाऱ्यासाठी करायची तयारी ही नव्हे, ही नुसती सफाई झाली. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेव्हा ये. लोभ आहे असं धरून चालते, वाढव म्हणत नाही.
तुझी,
टकळी

३ डिसेंबर

चि. टकळीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळाले. बाबांना माती देताना सगळ्या गोतावळ्यासमोर तू म्हणालीस की, आजारपणात फिरकला नाही आणि आता फुलं घेऊन मिरवायला आला. ते शब्द आधी मागे घे, मग बघू. इथे माझ्याकडे दुरुस्तीला असलेल्या तीन इमारतींच्या लिफ्ट बंद पडल्या आहेत आणि लोक माझ्या नावाने खडे फोडताहेत. डोळ्याच्या डॉक्टरांना माझी काय गरज? आईला सलाम सांग.
दादा

दुसरा रविवार, ६ डिसेंबर

ती. दादास,
स. सलाम वि. वि.

मागे घेणार नाही. तू खरंच फिरकला नाहीस. आठ महिने बाबांना मी उठवलं, मी पुसलं, मी भरवलं. तुला लिफ्ट होत्या.

आईला समजवायला मी फादरना बोलावलं. तिने त्यांनाच अर्धा तास उपदेश केला. म्हणे, हा काळ सजावटीचा नाही, मनातली अडगळ काढून कुणाला तरी जागा करून देण्याचा आहे. आणि फादर चहा पिऊन, तिचं अगदी बरोबर आहे असं मलाच सांगून निघून गेले! आता मी कुणाच्या तोंडाकडे बघू? दवाखान्यातल्या सिस्टरला अठरा तारखेपर्यंत हो की नाही कळवायचं आहे. आई डोळा घालवून बसली तर त्याचा धनी तू.

रागावले आहे, तरी तब्येतीला जप.
टकळी

१० डिसेंबर

चि. टकळीस,
आशीर्वाद.

काल आईने शेजारणीकडून नंबर लावून घेऊन मला फोन केला. रडत होती, पण आनंदाने. माझ्या पत्राने तिचं मन निवलं म्हणाली. माझ्या पत्राने? त्यात निवण्यासारखं एक अक्षर नव्हतं. तिला वाचता येत नाही, वाचून दाखवतेस तू. काय वाचलंस ते शब्दन् शब्द लिहून पाठव. संतापणार नाही असं म्हणत नाही, संतापलोच आहे.
दादा

तिसरा रविवार, १३ डिसेंबर

ती. दादास,
स. सलाम वि. वि.

हो, थापा मारल्या. ती मान पुढे काढून बसली होती, हातावर फोड, आणि तुझं ते लिफ्टपुराण माझ्याच्याने वाचवेना. मग कागद तोंडासमोर धरला आणि सुचेल ते वाचत गेले.

तू लिहिलंस असं मी वाचलं की, बाबांना तसं पडलेलं बघायची तुला भीती वाटत होती. दोनदा रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत येऊन मागे फिरलास. ताईने सगळं एकटीने केलं आणि तिला ते करू दिलं याची तुला लाज वाटते. ‘ताई’ म्हणालास म्हणे, मी धाकटी असून! आईने तेवढंच परत वाचायला लावलं.

कशाला केलं हे, विचारशील. आईसाठी केलं असं दोन दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. मलाच ते ऐकायचं होतं, दादा. दोन वर्षं वाट बघितली आणि शेवटी माझं मीच वाचून घेतलं. झालं समाधान? आता आईला खरं काय ते सांग आणि मोकळा हो. मी सिस्टरला नाही कळवून टाकते.
टकळी

१७ डिसेंबर, दवाखान्याच्या गाडीवाल्याच्या हाती

चि. ताईस,
स. सलाम.

नाही कळवू नकोस. कळवलं असशील तर आत्ता जाऊन हो सांग. उद्या अठरा तारीख, म्हणून टपालाने न पाठवता गाडीवाल्याच्या हाती देतो आहे.

तुझं पत्र खिशात घेऊन दोन दिवस लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो आहे. तू वाचलंस त्यात एकच चूक आहे. कोपऱ्यापर्यंत नव्हे, मी दारापर्यंत आलो होतो. दार उघडं होतं. तू बाबांना भरवत होतीस, ते घास थुंकत होते आणि तू पदराने त्यांचं तोंड पुसून पुन्हा चमचा भरत होतीस. तुला हाक न मारताच मी जिना उतरलो. ते तुझे शब्द मागे घेऊ नकोस, ते खरे आहेत.

बावीसला सकाळी सात वाजता येतो. या वेळी आत येईन. हे पत्र आईला जसंच्या तसं वाचून दाखव.
तुझा,
दादा