दोन सेकंदांची अट

४ जून

"पाणणणणी." सकाळपासून यांनी लॅपटॉपवर एवढंच लिहिलं, तेही चारदा खोडून. मग डोळे भरून आले. देवणीला टायपिंग इन्स्टिट्यूट चालवलेला माणूस हा! पोरांना ओरडायचे — बोट हलकं ठेव, कळ म्हणजे काय खलबत्ता आहे? आता स्वतःचंच बोट ऐकत नाही.

अंगातली एकेक ताकद काढून घेणारा हा आजार. आधी पाय गेले, होळीच्या सुमारास वाचा गेली, मान तर पट्ट्यावर टेकलेली असते. उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलंय. तेही गेलं तर हे माझ्याशी कशानं बोलणार?

५ जून

जिक्राला बोलावलं. यांची जुनी विद्यार्थिनी, इथे लातूरला आमच्याच गल्लीत तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिनं सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी चालू केलं — फिल्टर की म्हणे. "काकू, आता कळ अर्धा सेकंद दाबून धरली तरच अक्षर येईल. थरथरून लागलेलं बोट मशीन सोडून देतंय." वेळ कमीजास्त कुठून करायची तेही दाखवलं.

यांनी सावकाश लिहिलं — "जिक्रा पास." आम्ही दोघी हसलो. किती दिवसांनी.

१९ जून

नांदेडला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. श्वास कमी होत चाललाय. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची, मशीनवर श्वास चालेल, काही वर्षं मिळतील. पण चोवीस तास उशाशी माणूस लागेल. "निर्णय त्यांचा हवा," डॉक्टर म्हणाले. "आणि लवकर हवा. आणखी उशीर झाला तर भूल सोसणार नाही."

येताना अहमदपूरला चहाला थांबलो. घरी आल्यावर यांनी लिहिलं — "विचार करून सांगतो."

२४ जून

पुन्हा पडद्यावर नुसता कचरा. बोट फारच थरथरतंय. जिक्रा बहिणीच्या बाळंतपणाला हिमायतनगरला गेलेली. मग मीच हिंमत केली! सेटिंग उघडलं आणि अर्ध्याचे दोन सेकंद केले. कचरा एकदम बंद. यांनी बऱ्याच वेळानं "बरं" एवढं लिहिलं, पण स्वच्छ लिहिलं. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

२ जुलै

परवा मी ओरडले. ओरडायला नको होतं. "नळी बसवायची का नाही, काय ते एकदा सांगा. मला पण जीव हाय." तेव्हापासून पडदा कोरा.

मला हे नवीन नाही. यांच्या तोंडून 'नाही' असं लग्नापासून ऐकलेलं नाही. मनाविरुद्ध असलं की अबोला, आणि आपण ओळखून घ्यायचं. नागप्पा भाऊजींना पहिली मुलगी सांगून आली, ती यांना पसंत नव्हती, तेव्हा सख्ख्या भावाशी आठवडाभर बोलले नव्हते.

८ जुलै

बोट कळीवर ठेवतात. उचलतात. पुन्हा ठेवतात. लिहायचं तर लिहा ना! "माझ्याकडे बघा तरी," म्हटलं, तर नजर त्या लॅपटॉपवरच. मीही मनवायला गेले नाही. या घरात आजवर प्रत्येक वेळी मीच आधी बोलायचं.

१२ जुलै

नागप्पा भाऊजी येऊन गेले. "वहिनी, दादा गप हाय म्हंजे न्हाईच की. आपल्याला काय त्याचा सोभाव ठाऊक न्हाई? उगं छळू नका त्याला." मौन म्हणजे संमती म्हणतात लोक. आमच्याकडे सगळं उलटं.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं — नको म्हणतात. फोन ठेवल्यावर खूप रडले. आणि इथे खोटं कशाला लिहू, रडून झाल्यावर थोडं हलकंही वाटलं. रात्रंदिवस ते मशीन, ती नळी, मी एकटी. यांनीच सोडवलं मला.

१६ जुलै

कोरा.

३० जुलै

इथले डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. नाकातोंडावर मास्क दिलाय. मला बाहेर नेऊन म्हणाले, "आता ऑपरेशनचा विषय संपला. टेबलावरून परत येणार नाहीत." मी म्हटलं, त्यांना नकोच होतं. हे सांगताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

१ ऑगस्ट

जिक्रा परत आली. हे झोपले होते. उठल्यावर दिसावं म्हणून ती लॅपटॉपवर काहीतरी लिहायला बसली, आणि थांबली. "काकू, कळा चालून नाही राहिल्या." मग सेटिंग उघडलं. "हे दोन सेकंद कुणी केलं?"

मी म्हटलं, मी.

तिनं एक कळ अक्षर उमटेपर्यंत दाबून धरली. मग हळूच म्हणाली, "सरांच्या बोटात तेवढा दम कुठं राहिला काकू? दोन सेकंद धरून ठेवायचं म्हणजे... त्यांनी लिहिलं असेल. मशीननं घेतलंच नसेल."

ते बोट कळीवर ठेवायचे आणि उचलायचे. मी समोर बसून बघत होते. बघत होते आणि रागावत होते.

तिनं फिल्टर की बंदच करून टाकली. आता हे उठायची वाट बघतेय. उठले की पुन्हा विचारणार. देवा, नको म्हणू देत. काहीही कर, पण यांना नकोच म्हणू दे.

२ ऑगस्ट

"नळळी लाव. ककधी नेणार?"