घड्याळाच्या चोरीचा आळ माझ्या नावावर

मी, घरातला धाकटा, वय चोवीस, शाळा सातवीत सोडलेला, आज पूर्ण शुद्धीत, कुणाचाही दबाव नसताना आणि पोटभर जेवून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मरायची घाई नाही. पण दादा माझा फोन उचलत नाही आणि सहीशिक्क्याचा कागद मात्र उभ्याने वाचतो, म्हणून.

कलम १. मी दूरगावी मेंदूच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतो. तिथल्या संशोधक बाईंना बाबांचं सांगितलं : घड्याळ दिसलं नाही की वहिनीला चोर म्हणतात, आणि दर वेळी ते त्यांच्याच उशीच्या अभ्र्यात निघतं. बाई म्हणाल्या, "अरे, स्मृतिभ्रंशात माणूस नुसता विसरत नाही. टाउ नावाचं प्रथिन पेशींत गुंता करतं, मन ताळ्यावर ठेवणारं सेरोटोनिन कमी पडतं. त्यातून संशय येत असावा."

"म्हणजे चोर प्रथिन?"

"संशयित म्हण. तपास चालू आहे."

म्हणूनच मला रोज एवढी भांडी.

कलम २. घरातला माझा हिस्सा, बँकेतली शिल्लक आणि सायकल वहिनीला. स्वतःच्याच घरात कुणी चोरी करत नाही, हे दादाने ध्यानात घ्यावं.

कलम ३. बाबांचं ऐकून दादाने बायकोची बॅग उपसून पाहिली. ती बॅग वहिनीने आता कपडे भरून दाराशी ठेवली आहे; आणखी एकदा चोर ऐकलं की जाणार म्हणते. सबब, दादाला माझी पत्र्याची पेटी. आपलं सामान तिच्यात ठेवून रोज सकाळी ती उघडून वहिनीला झडतीला द्यायची. बाबांच्या डोक्यात प्रथिनाचा गुंता आहे. दादाच्या नाही, त्यामुळे त्याला सूट नाही.

कलम ४. माझा मेंदू बाईंना. तुलनेला निरोगीही लागतो म्हणे. फारसा वापरलेला नाही.

कलम ५. घड्याळाच्या चोरीचा आळ मी माझ्या नावावर करून घेतो. हे कलम आजपासूनच लागू. रविवारी वहिनीच्या फोनवर बाबांना मागून घेऊन करून पाहिलं. "बाबा, घड्याळ मी पळवलं."

"वाटलंच होतं, गधड्या! आणि मी उगाच या पोरीला बोलतोय. ये घरी, तंगडीच तोडतो." मग कितीतरी वेळ हसले.

रात्री वहिनीने फोन करून सांगितलं, "भाऊजी, आज माझ्या हातचं जेवले हो."

तरी घड्याळ हरवलं की वाद न घालता मला फोन लावावा. मी दर वेळी नव्याने कबुली देईन. माझ्या पश्चातही नाव माझंच सांगावं. बाबांना एवढंच म्हणा, धाकटा लांब आहे, सापडत नाही.

साक्षीदार : १) खोलीतला सुतार (सही)
२) प्रयोगशाळेचा वॉचमन (सही, म्हणतो, "आधी लग्न तरी कर")

ठिकाण : भाड्याची खोली, वरची खाट
दिनांक : २३ ऑगस्ट

सही : धाकटा, तथा घड्याळचोर