ताशी साठ

३ मार्च
आले एकदाची! हुआलिएनच्या दक्षिणेला समुद्राकाठचं एवढंसं गाव, आणि अपघात-तपासणीच्या खासगी कचेरीत माझी पहिली नोकरी. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीत समुद्र. लियाव साहेबांनी आल्या आल्या हंसाचं मटण खाऊ घातलं. म्हणाले, "शुआंग, इथे गाड्या कमी धडकतात, आपणच जास्त जेवतो."

६ मार्च
पहिलं प्रकरण. किनाऱ्याच्या रस्त्यावर काळ्या मोटारीने स्कूटरवरच्या युए-शिया आजींना उडवलं. जागीच गेल्या. फीत टाकली: ब्रेकच्या खुणा चौतीस मीटर. रस्ता कोरडा, म्हणजे नुसत्या घासण्यातच ताशी अठ्ठ्याहत्तरची ऊर्जा जिरली. पुढे मोटारीचं नाक आणि कठडा चेपला, त्यात गेलेली मिळवली की वेग येतो नव्वद. मर्यादा साठ. आकडे इतके चोख जुळले की खूश झाले, मग लाज वाटली.

७ मार्च
साहेबांनी दार लावून घेतलं. मोटारवाला त्यांच्या मेहुण्याचा मुलगा. बहुतेक खुणा जुन्या धर, म्हणाले, साठ लिही, म्हातारीच मध्ये वळली असं लिही. मी नाही म्हटलं. हसून म्हणाले, "मग उद्याची गाडी पकड."
साठ लिहिलं. दोघांनी सह्या केल्या.
बाहेर बाकावर आजींचे यजमान, आ-तू काका. उठून वाकले. पोरी, तू शिकलेली, म्हणाले, झालं तेच लिहिशील.

१० मार्च
खोलीचं लोखंडी दार आत चेपलंय. जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, आडवं. मोटारीच्या बंपरच्या उंचीवर. पण दार जिन्याच्या टोकाला आहे! रबर जळल्याचा वास. सवयीने खळगा मोजला: नऊ सेंटीमीटर.

१२ मार्च
आज कपाट. भर सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत, काहीच न धडकता—
नव्वदच्या ऊर्जेतून साठची वजा केली. अर्ध्याहून जास्त ऊर्जा मी कागदावरून पुसली. ती कुठेतरी जाणारच. दार आणि कपाट मिळून त्यातला दहावा हिस्सासुद्धा नाही.

१३ मार्च
लियाव साहेब गेले. अंथरुणातच. छातीचा चुरा. डॉक्टर त्यांच्या बायकोला विचारत होते, कुठल्या गाडीने उडवलं?

१४ मार्च
खरा अहवाल घेऊन कोर्टात गेले. कारकून म्हणाला, साहेबांची सही आणा.
साहेबांची!
वास इथेही—

१५ मार्च, दुपार
आ-तू काकांच्या पत्र्याच्या घरात. सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले, "सगळं गाव हिलाच बोल लावतंय. तुझ्या हाताने लिहून दे. फोटोपुढे ठेवतो." कागद नाही. इथेच लिहिते, पान फाडून देते.
काका भिंतीला टेकून बसलेत.
वास.
त्यांच्या पाठीमागचा पत्रा— आत येतोय— काका उठा म्हटलं, तर म्हणतात, आधी लिही—
मोटारीचा वेग ताशी नव्वद होता. युए-शिया यांची काहीही चूक न